बोटांना बाराखडी कोण शिकवणार?

गेल्या डिसेंबरात एका संस्थेच्या स्मरणिकेची मुद्रितं माझ्याकडे तपासायला आली होती. विषय अमरावती-अकोल्याकडच्या लोकगीतांचा, त्यामुळे ‘वऱ्हाड’ हा शब्द पानोपानी. आणि जिथे जिथे तो होता तिथे तिथे ‘वर्हाड’ असा पडलेला, ह च्या डोक्यावर रफार चढवून. चार-पाच ठिकाणी मी लाल पेनाने खुणा केल्या, मग पेन ठेवलं आणि मजकूर टाइप करणाऱ्या मुलाला फोन लावला. पोरगा हुशार आहे, हात वेगवान आहे, बी.कॉम. झालाय. तो अगदी कळवळून म्हणाला, “ताई, ते अक्षर येतच नाही हो. मी खूप वेळ शोधलं.”

तो शोधत होता ते इंग्रजी अक्षरं दाबून खाली उमटणाऱ्या शब्दांच्या यादीत. ‘व्ही, ए, आर, एच, ए, डी’ असं लिहायचं आणि यादीतून बरा वाटेल तो शब्द उचलायचा, ही त्याची मराठी लिहिण्याची रीत. यादीत ‘वऱ्हाड’ नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी ते अक्षरच नव्हतं. मी त्याला सांगितलं, आधी संगणकाची भाषा मराठी कर. मग शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाब, मग नुसती ‘डी’, मग ‘यू’. पलीकडे जरा शांतता. मग आवाज आला, “आलं की!” पाच मिनिटांनी त्याने मला वऱ्हाड, कऱ्हा, तऱ्हा, दऱ्याखोऱ्या, सगळं एका ओळीत लिहून पाठवलं.

बारा वर्षं शाळा, तीन वर्षं कॉलेज, वर संगणकाचा एक सर्टिफिकेट कोर्स. एवढ्या प्रवासात त्याच्या समोरच्या यंत्रात मराठीचा स्वतःचा कळफलक बसवलेला आहे, हे त्याला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. मला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो आपल्या सगळ्या व्यवस्थेचा, आणि अजून तो गेलेला नाही.

माझं म्हणणं साधं आहे. कळफलकावर मराठी कशी लिहायची हे आपण ज्याच्या त्याच्या सोयीवर, फोनच्या कंपनीवर आणि नशिबावर सोडून दिलं आहे. पाटीवर ‘ग म भ न’ गिरवायला शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे असं आपण मानतो, तशीच ती अक्षरं बोटांनी उमटवायला शिकवणं हीसुद्धा शाळेची आणि शासनाची जबाबदारी आहे. पाचवीतल्या प्रत्येक मुलाला मराठीचा प्रमाण कळफलक, म्हणजे इनस्क्रिप्ट, यायला हवा.

एका अक्षरावरून एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्यांनी दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पाहावेत: आचार्यांना आणि आचाऱ्यांना. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात लग्नाचा स्वयंपाक करणारे. ‘आचाऱ्यांना दक्षिणा’ आणि ‘आचार्यांना दक्षिणा’ यांतला फरक र कसा जोडला एवढ्यावरच उभा आहे. हिंदीला हा आडवा अर्धा र लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो: साऱ्या, पुऱ्या, भाकऱ्या, नवऱ्याला, बिचाऱ्यांना. जी साधनं हिंदी डोळ्यांसमोर ठेवून घडली, त्यांत ही अक्षरं अडगळीत पडतात. आणि ती वापरणाऱ्याला वाटतं, अक्षरच नाही.

देशोदेशीचे कळफलक वेगळे असतात ते उगाच नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्सने घडवलेलं यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणलं, आणि तिथून ‘क्वर्टी’, म्हणजे आपल्या नेहमीच्या इंग्रजी कळफलकाची रचना, जगभर गेला. पण ज्या भाषेच्या दारात तो गेला, तिने आपापल्या सोयीने त्यात फेरफार करून घेतले. जर्मनमध्ये झेड फार लागतो आणि वाय क्वचित, म्हणून जर्मन कळफलकावर त्या दोघांच्या जागांची अदलाबदल झाली. फ्रेंच कळफलकावर वरच्या ओळीत अंक मिळवायला शिफ्ट धरावी लागते, कारण ती जागा तिरकी रेघ डोक्यावर घेतलेल्या स्वरांना आणि काही विरामचिन्हांना दिलेली आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर एकाच छापील कळफलकावर जर्मन आणि फ्रेंच दोन्ही नांदतात. एका कळीवर दोन अक्षरं छापलेली. जर्मन रचना निवडली तर जर्मनचं अक्षर सरळ उमटतं आणि फ्रेंचचं शिफ्ट धरून, फ्रेंच रचना निवडली की उलट. अनेक भाषांच्या देशाने कसं नांदावं, हे त्या एका कळीकडे पाहून कळतं.

फ्रान्सची एक गोष्ट मला विशेष वाटते. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या संस्कृती मंत्रालयानेच जाहीरपणे मान्य केलं, की फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या कळफलकावर शुद्ध फ्रेंच लिहिणं जवळपास अशक्य आहे. तक्रार काय होती? तर रेघ घेतलेली मोठी अक्षरं सरळ मिळत नाहीत, त्यामुळे लोक ती गाळतात आणि हळूहळू ती गाळणंच बरोबर आहे असं मानू लागतात. आपल्या ‘ऱ्ह’ची कहाणी याहून वेगळी नाही. फरक पुढचा आहे. त्यांनी समिती बसवली, लोकांच्या सूचना मागवल्या आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये सुधारित कळफलकाचं राष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध केलं. एका सरकारला आपल्या भाषेची चार-दोन अक्षरं गळतात म्हणून एवढं वाईट वाटलं.

आपल्याकडे तर पाया आधीच घातलेला आहे, आणि तो फार सुंदर आहे. हे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण इनस्क्रिप्टला ‘किचकट’ म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी तो कधी नीट पाहिलेला नसतो.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाण म्हणून ठरवला, १९८८ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात त्याला जागा मिळाली. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत वाढलेलं भारतीय लिप्यांचं काम त्याच्या मागे आहे. त्यात मोहन तांबे यांचं नाव आदराने घेतलं पाहिजे. २०१६ मध्ये मानक ब्युरोने वाढीव अक्षरांसह नवं प्रमाणही काढलं.

आता प्रत्यक्ष कळा पाहा. डाव्या हाताची चार बोटं मधल्या ओळीवर ठेवा. त्या ओळीत डावीकडून ओकार, एकार, पाय मोडण्याची खूण, पहिली वेलांटी आणि पहिला उकार. त्यांच्या बरोब्बर वरच्या ओळीत त्याच क्रमाने औकार, ऐकार, काना, दुसरी वेलांटी, दुसरा उकार. म्हणजे ऱ्हस्व खाली आणि त्याचा दीर्घ त्याच्या डोक्यावर. शिफ्ट धरली की स्वरचिन्हाऐवजी आख्खा स्वर: वेलांटीच्या कळीवर इ, कान्याच्या कळीवर आ. आता उजवा हात. मधल्या ओळीत प, क, त, च, ट. त्यांच्या वर अनुक्रमे ब, ग, द, ज, ड. शिफ्ट धरली की फ, ख, थ, छ, ठ आणि भ, घ, ध, झ, ढ. व्याकरणाच्या पुस्तकात वर्णमालेचा तक्ता असतो, कठोर, मृदू, अल्पप्राण, महाप्राण असा. तोच तक्ता कुणीतरी प्रेमाने उचलून कळांवर पसरला आहे. म, न, व खालच्या ओळीत, डाव्या हाताजवळ; ल, स, य उजवीकडे. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि स्वर डाव्याला असल्यामुळे ‘काका’, ‘दादा’ लिहिताना हात चालल्यासारखे पडतात, एक उजवा, एक डावा.

मागच्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती. चौथी पास होऊन पाचवीत जाणारी, मराठी माध्यमाच्या शाळेत. दुपारी ऊन म्हणून बाहेर जाता येईना, तेव्हा तिला मी संगणकापुढे बसवलं आणि कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावून दिले. पहिला अर्धा तास नुसती अक्षरं शोधण्यात गेला. मग तीच थबकली. “आत्या, क च्या वर ग का आहे गं? आणि त च्या वर द?” मी म्हटलं, “दोन्ही मोठ्याने म्हणून बघ. गळ्यावर हात ठेव.” तिने क म्हटलं, ग म्हटलं, पुन्हा क, पुन्हा ग. “ग ला गळा हलतो!” मग स्वतःच प-ब, च-ज, ट-ड करून पाहिलं. वर्णमालेत वर्ग का असतात, हे तिला शाळेत सांगितलं होतं की नाही ठाऊक नाही, पण त्या दुपारी ते तिला बोटांतून कळलं. चौथ्या दिवशी तिने स्टिकर न बघता तिच्या आजीला एक पत्र लिहिलं. आठ ओळींचं, त्यात ‘पाण्याच्या झाऱ्या’ होत्या आणि त्या बरोबर लिहिलेल्या होत्या.

आणखी एक. हीच रचना गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू, मल्याळम, सगळ्यांना आहे. जिथे आपला क, तिथेच त्यांचा क. सोलापूरच्या किंवा निपाणीच्या ज्या मुलाला मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, त्याने बोटांना एकदाच शिकवायचं आहे. पुढे फक्त लिपी बदलायची. एवढी मोठी सोय किती देशांकडे असेल?

मग ती वापरात का नाही? कारणं खरी आहेत, ती टाळून चालणार नाही.

पहिलं कारण टाइपरायटर. मराठी टंकलेखन शिकवणाऱ्या वर्गांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना नोकऱ्या मिळवून दिल्या. मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, हे आकडे कारकुनी परीक्षेच्या उमेदवाराला तोंडपाठ असतात. त्या वर्गांत शिकवली जायची ती रेमिंग्टनची रचना, आणि ती यंत्राच्या गरजेतून आली होती. कागदावर उमटलेल्या अक्षराच्या डावीकडे मागाहून काही घालणं जड, म्हणून पहिली वेलांटी आधी मारायची आणि व्यंजन नंतर. अर्धं अक्षर आधी, मग कान्याच्या दांड्याने ते पुरं करायचं. लोखंडी यंत्रावर ते योग्यच होतं. पण गोदरेजने ऑफिसचे टाइपरायटर बनवणं २००९ मध्येच थांबवलं. संगणक अक्षर साठवतो ते उच्चाराच्या क्रमाने, आधी क मग वेलांटी. तरी अजून यंत्र गेलं आणि त्याची सवय राहिली, अशी स्थिती आहे. ज्यांच्या बोटांत रेमिंग्टन बसला आहे त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांच्यावर कुणी काही लादू नये, त्यांना निवृत्तीपर्यंत त्याच रचनेत काम करता यावं. प्रश्न आज पाचवीत असणाऱ्यांचा आहे. आजोबांच्या यंत्राची अडचण नातवाने का शिकायची?

दुसरं कारण जुने फॉन्ट. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, सुरुवातीच्या काळात दर फॉन्टची वेगळी तऱ्हा होती. वरून देवनागरी दिसायचं आणि पोटात इंग्रजी अक्षरं असायची. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर भुताने लिहिल्यासारखा. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरवून देणाऱ्या पद्धतीने, तो गोंधळ मिटवला. विंडोज २००० पासून इनस्क्रिप्ट संगणकात बसवूनच येतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. पाव शतक तो आत पडून आहे.

आणि तिसरं, सर्वांत मोठं कारण: इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय. ती आली तेव्हा मीही वापरली. तिने लाखो लोकांना नेटवर मराठीत आणलं, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. घाईत चार ओळींचा निरोप पाठवायला ती पुरते. पण लिहिण्याची मुख्य रीत म्हणून ती आपल्याला महागात पडते आहे.

का ते एका शब्दात दाखवते. ‘टी, ए, एल’ अशा तीन कळा दाबा. यातून तळ निघतो, ताल निघतो, टाळ निघतो, ताळ निघतो, टळ निघतो. ‘के, ए, एल’मधून कल, कळ, काल, काळ. मराठीला त आणि ट वेगळे, द आणि ड वेगळे, न आणि ण वेगळे, ल आणि ळ वेगळे. इंग्रजी लिपीला यांतला एकही भेद नाही. म्हणजे लिहिणारा आधी आपल्या शब्दातले भेद पुसतो, मग यंत्र ते अंदाजाने परत भरतं, आणि मग लिहिणारा यादीतून बरोबर अंदाज कोणता ते ओळखतो. जो नेहमीचा शब्द आहे त्याचा अंदाज बरोबर येतो. जो शब्द दुर्मीळ आहे, बोलीतला आहे, गावाच्या नावातला आहे, आडनावातला आहे, तो पडतो. वर्षानुवर्षं हेच चाललं तर लोक दुर्मीळ शब्द टाळू लागतात, कारण तो लिहायला त्रास होतो. मुद्रितं तपासताना मला हे दिसतं. ण च्या जागी न, ळ च्या जागी ल, हे पूर्वी बोलीचा परिणाम म्हणून यायचं. आता ते यादीतला पहिला शब्द उचलल्यामुळे येतं, आणि शुद्ध बोलणाऱ्या माणसांच्या लेखनात येतं.

मुलांच्या बाबतीत तर हे जास्त बोचतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिसरीतली मुलगी ‘आई’ लिहू शकते, झोपेतसुद्धा. पण संगणकावर आई लिहायचं तर तिने आधी ठरवायचं, की आई म्हणजे ‘ए, ए, आय’ की ‘ए, आय’ की ‘ए, ए, ई’. स्वतःच्या भाषेत स्वतःच्या आईला हाक मारण्याआधी तिला दुसऱ्या भाषेच्या दारातून जावं लागतं. इंग्रजी तिने जरूर शिकावी, उत्तम शिकावी. पण मराठी लिहिण्याची ती पूर्वअट होऊ नये.

इथे चीन आणि जपानचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. तिथेही लोक रोमन अक्षरंच दाबतात, मग त्यांच्या भाषा मेल्या का? हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बराच विचार केला आहे. चिनी भाषेची हजारो अक्षरं कळांवर मावणार नाहीत, त्यामुळे त्यांना उच्चारातून अक्षराकडे जाण्यावाचून सोपा मार्ग नाही. आपली सगळी वर्णमाला शिफ्टसह सत्तेचाळीस कळांत आरामात बसते. त्यांची अडचण आपल्याला नाही. आणि त्यांनीही हा मार्ग वाऱ्यावर सोडलेला नाही. चिनी उच्चार रोमन अक्षरांत कसे लिहायचे, ती पिनयिन पद्धत १९५८ मध्ये सरकारने ठरवली आणि पहिलीतल्या मुलांना ती शाळेतच शिकवली जाते. एका उच्चाराला एकच स्पेलिंग. आपण वापरतो त्या रोमन मराठीला ना नियम आहे, ना शिकवणारा. तरीही, हातात पेन घेतल्यावर अक्षर आठवत नाही, ही तक्रार चीनमध्ये सर्रास ऐकू येते. त्यासाठी त्यांच्या भाषेत चार अक्षरांचा एक रूढ शब्दप्रयोगच आहे.

आपण पाहायचंच तर कोरियाकडे पाहावं. त्यांची हंगूल लिपी आपल्यासारखीच मोजक्या अक्षरांची. १९८२ मध्ये ठरलेल्या त्यांच्या प्रमाण कळफलकात व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्याला, आपल्या नेमकं उलट पण विचार तोच. दुकानातल्या प्रत्येक कळफलकावर ती अक्षरं छापलेली असतात आणि स्पेसबारच्या शेजारी कोरियन-इंग्रजी अदलाबदलीची स्वतंत्र कळ असते. अंगठा हलवला की भाषा बदलली.

आणि सावध व्हायचं असेल तर तुर्कस्तानकडे पाहावं. इहसान सित्कि येनेर यांनी पुढाकार घेऊन तुर्की शब्दांतली अक्षरं मोजली, कोणतं अक्षर किती वेळा येतं आणि कोणतं बोट किती बळकट हे पाहून कळफलक रचला, आणि १९५५ मध्ये तो राष्ट्रीय प्रमाण झाला. त्यावर टाइप करणाऱ्या तुर्की टंकलेखकांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत विक्रम केले. मग बाहेरून संगणक आले. त्यांच्यावर क्वर्टीचीच थोडी बदललेली आवृत्ती छापलेली होती. दुकानात जे मिळालं ते लोकांनी घेतलं, आणि उत्तम राष्ट्रीय कळफलक हळूहळू काही सरकारी कचेऱ्यांपुरता, वयस्क टंकलेखकांपुरता उरला. २०१३ मध्ये सरकारला परिपत्रक काढून सांगावं लागलं, की शासकीय कार्यालयांत आपलाच कळफलक वापरा. रचना चांगली असणं पुरेसं नसतं. ती कळीवर छापलेली असावी लागते आणि वर्गात शिकवलेली असावी लागते, नाहीतर बाजार आणून देईल तीच आपली.

इनस्क्रिप्टमध्ये उणिवा नाहीत असं मी म्हणत नाही. रोज वापरते म्हणून त्या मला ठाऊक आहेत. ईमेलच्या पत्त्यातलं @ हे चिन्ह जिथे इंग्रजीत असतं तिथे मराठीत ॅ आहे, त्यामुळे पत्ता लिहायला भाषा बदलावी लागते. पासवर्ड टाकताना मराठी चालू राहिली की तीनदा चूक होऊन खातं बंद पडतं. विंडोजवर भाषा बदलायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. वाक्याच्या मध्ये एक इंग्रजी नाव आलं की जा आणि या. माझ्या संगणकावर मी कॅप्स लॉकची कळच भाषा बदलायला लावून घेतली आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतातच, तेव्हा त्या कळीचा आपल्याला तसाही काही उपयोग नव्हता. ही सोय कारखान्यातूनच करून मिळायला हवी. भाषा बदलण्याची एक कळ, तिच्यावर ‘मराठी’ असं लिहिलेलं, एवढं केलं तरी निम्मी तक्रार संपेल.

प्रमाण एक नसलं की काय होतं, याचं एक उदाहरण मुद्रितशोधकाच्या टेबलावरून देते. ‘ॲप’ मधला ॲ. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ लिहून त्याच्यावर ॅ ठेवायचे. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत, म्हणून एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘ऱ्ह’चंही तसंच, तो दोन तऱ्हांनी घडवता येतो. मतदार यादीत, सातबाऱ्यावर, ग्रंथालयाच्या सूचीत एकच आडनाव दोन प्रकारे साठवलं गेलं, तर ते शोधणाऱ्या माणसाला ‘नोंद सापडली नाही’ एवढंच दिसतं. तो बिचारा कचेरीत खेटे घालतो. चूक डोळ्यांना दिसतच नाही, मग ती दुरुस्त कोण करणार? सगळ्यांची बोटं एकाच कळफलकावर शिकलेली असतील तर हा गोंधळ मुळातच कमी होतो.

बोलून लिहिता येतं की आता, असंही म्हणतात. येतं, आणि ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी ते मोठंच काम आहे. पण ग्रंथालयात, कोर्टात, वर्गात, रात्री झोपलेल्या घरात मोठ्याने बोलून लेख लिहिता येत नाही. शिवाय लिहिताना माणूस थांबतो, शब्द खोडतो, बदलतो. ते काम हाताचं आहे.

शासनाला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. मोबाइलच्या बाबतीत मानक ब्युरोने २०१६ मध्ये प्रमाण काढलंच ना, की हातातल्या फोनवर बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एक भारतीय भाषा लिहिता आली पाहिजे. आज संगणकाच्या दुकानात जाऊन देवनागरी छापलेला कीबोर्ड मागा. दुकानदार तुमच्याकडे बघत राहतो, मग म्हणतो, मागवावा लागेल. सरकारी कार्यालयं आणि शाळा दरवर्षी संगणक विकत घेतात. त्या निविदेत ‘कळांवर देवनागरी अक्षरं छापलेली हवीत’ अशी एक ओळ घातली तर कारखाने छापून देतील. भरतीच्या टंकलेखन परीक्षेत इनस्क्रिप्टला पूर्ण मान द्यावा, रेमिंग्टनवाल्यांना पुरेशी वर्षं मुभा ठेवावी. आणि पाचवीला आठवड्यातून एक तास, एका सत्रापुरता. माझ्या भाचीला चार दुपारी लागल्या.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मीही वाटले. त्या पेढ्यांची गोडी अजून जिभेवर आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

जूनमध्ये भाचीच्या शाळेत गेले होते. संगणकाच्या खोलीत अठरा यंत्रं, एकावरही मराठी चालू केलेली नव्हती. बाईंनी परवानगी दिली, आम्ही दोघींनी मिळून तासाभरात सगळ्यांवर ती चालू केली आणि चार कळफलकांवर स्टिकर चिकटवले. तेवढेच माझ्या पिशवीत होते. बाईंना मनापासून आवडलं. त्या म्हणाल्या, “शनिवारचा एक तास देते मी पाचवीला. पण हे पुस्तकात नाही, मूल्यमापनात नाही. तपासणीला साहेब आले आणि विचारलं, हे कुठल्या परिपत्रकात आहे, तर काय दाखवू?” मी काहीच बोलू शकले नाही. त्यांच्या फायलीत लावता येईल असं एका पानाचं परिपत्रक मला हवं आहे.